लग्न, कर्ज आणि आपली रीत

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. घरात मुलगी किंवा मुलगा लग्नाचा असला की हिशेब मांडले जातात. कापड किती, सोनं किती, जेवणावळ किती, हॉल कुठला. हिशेबाची बेरीज हातातल्या पैशाच्या पुढे गेली की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘साधंच करूया की.’ त्यावर लगेच उत्तर येतं, ‘आपल्यात तशी रीत नाही. वाडवडिलांपासून चालत आलंय. लोक काय म्हणतील?’

आज आपण त्या ‘वाडवडिलांपासून’ या शब्दाकडे बघणार आहोत. वाडवडील खरंच लग्न कसं करत होते? खर्च कोण उचलत होतं? लग्नाचं कर्ज कधीपासून डोक्यावर बसलं? आणि साधं लग्न करणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात कधी होऊन गेली? हा इतिहास माहीत असला की घरात बोलताना आपल्या शब्दाला थोडा जोर येतो.

आधी जुन्या गावातल्या लग्नाकडे बघू. तिथे पैशापेक्षा माणसांचे हात आणि घरातलं धान्य जास्त लागायचं. मांडव गावातल्याच लाकडाचा, आंब्याच्या डहाळ्यांचा. मातीची भांडी कुंभाराकडून यायची, पाट-चौरंग सुतार करून द्यायचा, पत्रावळी गुरव द्यायचा, पायघड्या परीट घालायचा. त्याबदल्यात त्यांना धान्य आणि मानाचं कापड मिळायचं. दळण-कांडण भावकीतल्या आणि शेजारच्या बाया करायच्या. जात्यावर हळद दळायला सुवासिनी जमायच्या. आहेर म्हणून आलेला शिधा आणि रोख रक्कम ही त्या घराला झालेली मदत असायची, आणि उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की ती फेडायची असायची. म्हणजे आहेर ही एक प्रकारची बिनव्याजी भिशीच होती.

हे सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ही वाटणी जातीच्या उतरंडीवर उभी होती. काहींना मान मिळायचा आणि काहींना राबणूक. वाजवणाऱ्याला मांडवाबाहेर बसावं लागायचं. त्या काळात परत जावं असं त्यात काही नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. लग्नात लागणारी बहुतेक वस्तू आणि बहुतेक मेहनत पैसे मोजून विकत आणावी लागत नव्हती. आज मांडवापासून मेंदीपर्यंत सगळं विकत येतं. त्यामुळे ‘वाडवडिलांसारखं’ लग्न करतो म्हणणारा माणूस मोजतो ते मात्र आजच्या बाजाराचे पैसे.

हुंड्याचंही तसंच आहे. हुंडा ही सगळ्या जातींची जुनी रीत नव्हती. आपल्याकडे कष्टकरी समाजांत बऱ्याच ठिकाणी मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला ‘देज’ देत असत. मुलगी शेतात राबणारी, तिचे हात गेले म्हणून तिच्या माहेराला दिलेली ती भरपाई. देज म्हणजे फार चांगलं होतं असंही नाही, कारण तिथेही मुलीची किंमतच ठरायची. पेशवाईत वाई प्रांतातल्या ब्राह्मणांनी मुलगी देताना पैसे घेऊ नयेत असा सरकारी हुकूम निघाला होता, आणि घेणारा, देणारा, मध्यस्थी करणारा या तिघांनाही त्यात दंड सांगितला होता. म्हणजे एके काळी मुलीच्या बापाने पैसे घेणं हा सरकारला काळजीचा विषय वाटत होता. पुढे वारं उलटं फिरलं. पैसेवाल्या आणि शिकलेल्या घरांत हुंडा वाढला आणि त्यांचं बघून तो बाकीच्या समाजांत उतरला. जी रीत अशी उलटीपालटी होते तिला ‘अनादी काळापासूनची’ कसं म्हणायचं?

सरकारही लग्नातून आपला वाटा घेत असे. मराठेशाहीत ‘लग्नटका’ नावाचा कर होता. विधवेच्या पाटाच्या लग्नावर ‘पाटदाम’ नावाचा वेगळा कर होता. आणि बड्यांच्या घरचं लग्न कसं असायचं? १७८३ मध्ये पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न झालं, तेव्हा नाना फडणीसांच्या देखरेखीखाली सगळी व्यवस्था याद्या करून ठरवली होती. राज्याचा खजिना पाठीशी असलेल्यांचं ते लग्न. आपण दोन एकरांच्या जिवावर त्याची नक्कल करायला जातो, तिथे गणित चुकतं.

आता कर्जाकडे येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि कर्जाची खतं, वह्या जाळल्या. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी कर्जात का बुडाला, असा प्रश्न होता. त्या वेळच्या बऱ्याच साहेबलोकांचं उत्तर तयार होतं. हे लोक लग्नात उधळपट्टी करतात, म्हणून बुडतात.

आयोगाने मात्र गावोगावचे हिशेब तपासून वेगळं लिहिलं. लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त वाटतो खरा, पण असे प्रसंग वर्षानुवर्षांत एखादेवेळी येतात. कर्ज फुगतं ते बी-बियाणं, बैल, खायला धान्य आणि सरकारचा सारा भरण्यासाठी वेळोवेळी काढलेल्या रकमांनी आणि त्यावरच्या व्याजाने. महात्मा जोतिराव फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या आरोपाला उत्तर दिलं. गरीब शेतकऱ्याच्या घरचं लग्न मुळात किती साधं, किती ओढाताणीचं असतं याचं वर्णनच त्यांनी केलं. त्याच पुस्तकात जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीत भटजी शेतकऱ्याकडून कसा पैसा काढतो, हेही त्यांनी सांगितलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. लग्नाच्या खर्चावर बोलायचं म्हणजे गरिबाला ‘तूच उधळ्या’ म्हणून दोष देणं नव्हे. आईबापाला लेकीचं कौतुक करावंसं वाटतं, यात गुन्हा काय? घात हौसेने होत नाही, व्याजाने होतो.

एक साधा हिशेब करून बघा. लग्नासाठी दोन लाख रुपये शेकडा तीनने उचलले. महिन्याचं व्याज झालं ६,००० रुपये. वर्षाचं ७२,०००. तीन वर्षं फक्त व्याज भरलं तर २,१६,००० रुपये गेले, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त, आणि मुद्दल आहे तिथेच आहे. तोवर लेकीला पहिलं मूल झालेलं असतं, तिच्या बाळंतपणाला पुन्हा पैसे लागतात आणि धाकट्या मुलाची फी थकलेली असते. सुप्याच्या बाजारात जी खतं जळली त्यांत असेच आकडे होते. फरक इतकाच की तेव्हा सावकार एक होता, आज तो कधी खाजगी सावकार असतो, कधी दर आठवड्याला हप्ता मागायला येणारी कंपनी.

आता साध्या लग्नाच्या इतिहासाकडे वळू, आणि तो ऐकताना बायकांची नावं कानात साठवून ठेवा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर तीन महिन्यांतच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधू राधा. ती सावित्रीबाई फुल्यांच्या मैत्रिणीची, बाजूबाई निंबणकर यांची मुलगी. वर सीताराम जबाजी आल्हाट. भटजी नाही, हुंडा नाही, जेवणावळींचा थाट नाही. खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता. या लग्नाच्या मागे सावित्रीबाई उभ्या होत्या.

जरा कल्पना करा. आज आपण डीजे नको म्हटलं तरी भावकी रुसते. तेव्हा पुण्यात भटजीशिवाय लग्न लावायचं म्हणजे केवढी हिंमत! ‘हे लग्नच नव्हे’ असं लोक म्हणणार, पुढे नातवंडांच्या सोयरिकीत अडवणूक करणार, हे बाजूबाईंना माहीत असणारच. तरी आई म्हणून त्या उभ्या राहिल्या. साध्या लग्नाला पैसे कमी लागतात, पण धीर जास्त लागतो.

या लग्नात नुसता खर्च कमी केला नव्हता, लग्नाचा अर्थही बदलला होता. जोतिरावांनी सत्यशोधक लग्नासाठी नव्या मंगलाष्टका लिहिल्या आणि १८८७ मध्ये पूजाविधीसह त्या छापल्या. लोकांना कळेल अशा मराठीत. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू बाईमाणसाच्या हक्कांविषयी विचारते आणि वर ते हक्क मान्य करतो. कळत नसलेल्या शब्दांना मान डोलावण्यापेक्षा एकमेकांना समजून दिलेला शब्द मोठा, असा तो विचार होता. १८८९ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या यशवंताचं लग्नही याच पद्धतीने केलं. लोकांना सांगितलं तेच घरी केलं.

विरोध कोर्टापर्यंत गेला. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४ मध्ये बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचं लग्न भटजीला न बोलावता लावलं. भटजींनी दावा लावला. आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा बुडते, ती मिळाली पाहिजे. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याला बोलावलंच नाही त्याला पैसे देण्याची सक्ती नाही. आपल्या घरचं लग्न आपल्या मनाप्रमाणे लावण्याचा हक्क एका शेतकरी कुटुंबाने असा मिळवला.

विसाव्या शतकात हा धागा अनेकांनी पुढे नेला. गाडगेबाबा हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन गावोगाव कीर्तन करायचे. कर्ज काढून लग्न आणि सण करू नका, भांडं मोडावं लागलं तरी चालेल पण पोराला शाळेत घाला, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात खादीच्या कपड्यांत, अगदी थोडक्या माणसांत लग्नं लागायची.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली. हजारो बाया जमल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सांगितलं की मुलांची लग्नं करायची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे आणि ती पेलण्याची आर्थिक ताकद आल्याशिवाय ती मुलांवर लादू नका. लग्न किती थाटाचं, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला आणि लग्नानंतर संसार कशावर चालणार, हा प्रश्न पुढे ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरी बौद्ध पद्धतीची लग्नं लागू लागली. पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, वंदना आणि प्रतिज्ञा. विधी थोडाच वेळ चालतो. त्या समाजातही आज मोठे हॉल आणि मिरवणुका आल्या आहेत, पण मूळ विधी साधाच आहे, ही आठवण धरून ठेवण्यासारखी आहे.

कायदेही बदलले. १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदारांसमोर लग्न. १ जुलै १९६१ पासून हुंडाबंदी कायदा लागू झाला. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि आता त्याला निदान पाच वर्षांची कैद सांगितलेली आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. किती जणी ती करतात? केली पाहिजे. उद्या वाईट वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कोर्टात लग्न म्हणजे विशेष विवाह कायद्याखालचं लग्न. ते एक वेगळं, पूर्ण लग्न आहे. पण हिंदू पद्धतीचं लग्न म्हणायचं असेल तर आपल्या रीतीचा विधी झाला पाहिजे. नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून घरच्या अंगणात पन्नास माणसांत विधी करा आणि लगेच नोंदणी करा. विधी झाला पाहिजे, पण तो किती पैशांत झाला पाहिजे असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

आणि अगदी अलीकडचा इतिहास तर आपण डोळ्यांनी पाहिलाय. कोरोनाच्या काळात आधी पन्नास माणसांची मर्यादा आली. मग एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारचा आदेश निघाला, लग्नाला जास्तीत जास्त २५ माणसं आणि सगळं दोन तासांत. लग्नं लागलीच ना? ती लग्नं कच्ची ठरली का? कुणाचा संसार पंगत उठली नाही म्हणून मोडला का? ज्यांनी उरलेल्या पैशात शेळ्या घेतल्या, घरावर पत्रा घातला, त्यांना आज कुणी नाव ठेवत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला लोकांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं.

पण त्याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लग्न स्वस्तात होतंय म्हणून कोवळ्या पोरींची लग्नं उरकणारी घरंही होती. ही खोड जुनीच आहे. शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू होणार होता, तर त्याच्या आधी लहान मुलामुलींची लग्नं उरकून घ्यायची झुंबड उडाली होती. आजही मोठीच्या मांडवात धाकटीला उभी करतात. एका खर्चात दोन लग्नं. बायांनो, याला काटकसर म्हणू नका. त्यात पैसे वाचतात आणि पोरीची शाळा, तब्येत, कधी कधी जीवही जातो. मुलीला १८ आणि मुलाला २१ पुरी झाल्याशिवाय लग्न करणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लग्न ठरवणारे, लावणारे यांनाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. असं लग्न कानावर आलं तर १०९८ या नंबरावर फोन करा.

मग या सगळ्या इतिहासातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, आकडा आधी ठरवा, यादी नंतर करा. आपण उलटं करतो. कर्ज न काढता किती रक्कम उभी राहते ते घरातल्या सगळ्यांनी, नवरा-नवरीनेसुद्धा, एकत्र बसून ठरवायचं. लग्नाच्या मुलीला तिच्याच लग्नाचा हिशेब माहीत नसतो, हे बरोबर नाही. सत्यशोधक लग्नात वधू बोलत होती. आपली मुलगी दीडशे वर्षांनीही गप्प का?

दुसरं, सुपारी फुटायच्या आधीच दोन्ही घरांनी खर्चाचं बोलून घ्यायचं. खर्च निम्मा-निम्मा. मानपानाची लुगडी, टोप्या, टॉवेल दोन्हीकडून बंद. असे कपडे पुढे पेटीतच पडून राहतात आणि दुसऱ्याच्या लग्नात फिरतात.

तिसरं, जुन्या गावातलं चांगलं तेवढं उचला. बचत गटातल्या बाया मिळून स्वयंपाक करू शकतात. मोठी भांडी गटाने एकदा घेऊन ठेवली की सगळ्यांच्या कार्याला चालतात. आहेरात भांडी देण्याऐवजी रोख द्या आणि ती मुलीच्या नावाने बँकेत घाला. आणि वाजवणारा, वाढणारा, झाडणारा यांना मजुरी ठरवून द्या आणि पंगतीत बसवा.

चौथं, सामुदायिक विवाहाला कमीपणा मानू नका. सामुदायिक किंवा नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्या गरजू शेतकरी-शेतमजूर घरांतल्या मुलींसाठी सरकारची ‘शुभमंगल’ ही अनुदानाची योजना आहे. अटी आणि रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा.

आणि शेवटचं, कर्ज काढावंच लागलं तर व्याजाचा हिशेब मघाशी केला तसा कागदावर मांडा आणि तो कागद घरातल्या पुरुषांना मोठ्याने वाचून दाखवा. आकडा बोलला की भाषण लागत नाही.

‘लग्न पाहावं करून’ असं आपले लोक म्हणत आले. करून पाहाच. पण पुढची पाच वर्षं फेडून पाहायची वेळ येऊ देऊ नका. तुमच्या गावात कुणी साधं लग्न केलं असेल तर आपल्या केंद्रावर येऊन सांगा, म्हणजे पुढच्या घराला ‘आपल्यात तशी रीत नाही’ असं म्हणता येणार नाही. ओतूरच्या पाटलांनी आणि बाजूबाईंनी ती रीत घालून दिली, त्याला आता दीडशे वर्षं होत आली.